कुंडी बदलल्यावर दोन महिन्यांनी ज्युनिपर वाळू लागतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बोन्साय ज्युनिपरची, म्हणजे कुंडीत आकार देऊन छोटं ठेवलेल्या या सदाहरित झाडाची, लक्षणं आधी लिहितो. तुमच्या झाडात यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पालवीचा तकतकीतपणा जातो, हिरवा रंग राखेत कालवल्यासारखा दिसतो. टोकांना जी फिकट पोपटी वाढ दिसायला हवी ती दिसत नाही. एखादीच फांदी तपकिरी पडते आणि बाकीचं झाड ठणठणीत असतं. आतल्या बाजूची पालवी बोट लावताच भुरभुर खाली पडते. मऊ खवल्यांच्या जागी टोचणाऱ्या सुया येऊ लागतात. कुंडीत घातलेलं पाणी क्षणात खालच्या भोकातून निघून जातं, नाहीतर वर तळं करून बसतं. बुंधा धरून हलवला तर मातीपाशी डुलतो.

आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मागची हकीकत सारखीच असते: दीड-दोन महिन्यांपूर्वी झाडाला आकार दिला, तार बांधली, आणि त्याच हातासरशी कुंडीही बदलली.

माझ्या हाताखालून अशी बरीच झाडं गेली. काही वाचली, काही गेली. जी गेली त्यातली बरीचशी मूळ दुखण्याने गेली नाहीत. तपकिरी रंग दिसल्यावर घाबरून आम्ही जे केलं, त्याने गेली. परत उपटून पाहणं, परत छाटणं, खत देणं, दिवसातून तीनदा पाणी घालणं. ज्युनिपर फार उशिरा बोलतो, हे एकदा पक्कं लक्षात आलं की यातलं काहीच करावंसं वाटत नाही. पानझडी झाडाची मुळं बिघडली तर पानं दोन-चार दिवसांत माना टाकतात. ज्युनिपरच्या पालवीवर मेणचट आवरण असतं, ती पाणी धरून ठेवते. मुळं संपल्यावरही ती कित्येक आठवडे, कधीकधी दोन-तीन महिने हिरवी दिसते. म्हणजे आज जे तपकिरी दिसतंय त्याचं कारण आजचं नाही.

म्हणून पहिली तपासणी वहीत करायची.

मागच्या सहा महिन्यांत काय केलं?

कुंडी कधी बदलली, मुळं कुठल्या बाजूची आणि साधारण किती कापली, पालवी किती काढली, तार कधी बांधली, जागा कधी बदलली, हे तारखेसह लिहून काढा. फोनमधले जुने फोटो चाळलेत तर तारखा आपोआप सापडतात. हे फुकटातलं काम आहे आणि निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं.

याचं कारण असं की ज्युनिपरची ताकद त्याच्या पालवीत असते. नवी मुळं फुटतात ती पालवीने केलेल्या अन्नावर, आणि पालवी जगते ती मुळांनी ओढलेल्या पाण्यावर. एकाच आठवड्यात दोन्ही कापलं तर झाडाकडे भरपाई करायला काही उरत नाही. एका वर्षात एकच मोठं काम, हा माझा नियम आहे. आकार दिला त्या वर्षी कुंडीला हात नाही. कुंडी बदलली त्या वर्षी तार नाही, कात्रीही जवळपास नाही. वहीत दोन्ही कामं एका महिन्यात दिसली तर संशयित सापडला, पण तरीही खालच्या तपासण्या करा, कारण थकलेल्या झाडावर दुसरं दुखणंही लगेच बसतं.

हे दुखणं आहे का, की झाडाचा स्वभाव?

शरद ऋतूत ज्युनिपर आतली जुनी पालवी टाकतो. बुंध्याजवळची, सावलीतली पालवी पिवळी-तपकिरी होते, टोकं मात्र हिरवीगार राहतात. यात काही बिघडलेलं नाही. ही वाळकी पालवी चिमट्याने काढून टाका, आत हवा-उजेड जाईल. काही जाती कडक थंडीत तांबूस किंवा जांभळट होतात आणि ऊब आली की परत हिरव्या होतात. सुयांसारखी पालवी येणं म्हणजे बहुतेक वेळा जास्त छाटणीवर झाडाने दिलेलं उत्तर. ती उपटायची नाही. झाड त्यावरच जगतंय, खवले यथावकाश परत येतात, कधी त्याला दोन-तीन वर्षंही लागतात. आणि फक्त टोकंच तपकिरी असतील, तीही सगळीकडे सारखी, तर कात्रीने झाड वरवर भादरलं होतं का ते आठवा. खवल्यांच्या मधून कापलं की कापलेली कड वाळते. बारीक डहाळी तिच्या बेचक्यात कापायची असते.

बोटं आणि नख

पालवी हलकेच मुठीत घ्या. जिवंत पालवी लवचिक लागते, थोडी गारही. मेलेली पालवी हिरवी असली तरी कुरकुरते, बोटात मोडते. मी हे डोळे मिटून करतो, कारण रंग फसवतो.

मग नखाने फांदीची साल अगदी किंचित खरवडा, तांदळाच्या दाण्याएवढी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर तिथून बुंध्याच्या दिशेने थोडं सरकून परत बघा. हिरवं कुठे सुरू होतं ती जागा महत्त्वाची आहे, कारण दोष बहुधा तिथेच असतो. एक कटू गोष्ट इथेच सांगून टाकतो: ज्युनिपरच्या उघड्या, पालवी नसलेल्या लाकडातून नवा फुटवा जवळजवळ कधीच येत नाही. पूर्ण वाळलेली फांदी परत हिरवी होईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. ती पुढे जिन करायला, म्हणजे साल काढून पांढरं मृतलाकूड म्हणून ठेवायला, उपयोगी पडते. पण ते नंतर. आत्ता तिला तसंच राहू द्या.

जागा, वारा आणि डुलणारा बुंधा

ज्युनिपर घरात जगत नाही. टेबलावर, खिडकीशी ठेवलेलं झाड काही महिने हिरवं दिसतं आणि मग सगळंच एकदम जातं. त्याला उघड्यावरचं ऊन हवं आणि हिवाळ्याची विश्रांतीही हवी. कुंडी बदललेल्या झाडाला मात्र पहिले काही आठवडे सकाळचं कोवळं ऊन आणि वाऱ्यापासून आडोसा द्यायचा, कारण वारा पालवीतलं पाणी खेचून घेतो आणि कापलेली मुळं तेवढं देऊ शकत नाहीत.

आता बुंधा दोन बोटांत धरून अगदी हळू हलवा. कुंडी आणि झाड एकत्र हललं पाहिजे. बुंधा वेगळा हलत असेल तर झाड कुंडीत नीट बांधलेलंच नाही. नवी मुळं सुरुवातीला केसासारखी असतात, वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला ती तुटतात, परत फुटतात, परत तुटतात. यासाठी झाड उपटायची गरज नाही. मुळांच्या बुडख्यावर रबराचा तुकडा ठेवून त्यावरून तार किंवा सुतळी घ्या आणि कुंडीच्या पायांखालून आवळून बांधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि केवळ एवढ्यावर सावरलेली झाडं मी पाहिली आहेत.

पांढरा कागद

पालवी धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसते आणि डहाळ्यांमध्ये जाळं असल्यासारखं वाटतं? फांदीखाली पांढरा कागद धरून वर टिचकी मारा. कागदावर मिरपुडीएवढे ठिपके पडतील. अर्धा मिनिट थांबा. ते चालू लागले तर ही कोळी कीड. झपाझप पळणारे बहुधा त्यांना खाणारे परभक्षी कोळी असतात, रेंगाळणारे पालवी शोषणारे. बोटाने पुसल्यावर रंगीत रेघ उमटते.

लाल कोळी उष्ण-कोरड्या हवेत वाढतो, पण ज्युनिपरवर येणारा स्प्रूस कोळी वसंत आणि शरद ऋतूच्या गार दिवसांत जोर धरतो. त्याने केलेलं नुकसान उन्हाळ्यात दिसतं, तेव्हा तो स्वतः गायब असतो. म्हणून उन्हाळ्यात कागद कोरा निघाला तरी गार दिवसांत परत बघा. उपाय म्हणजे आधी नुसतं पाणी: पालवीच्या खालून जोरकस फवारा, दर पाच-सहा दिवसांनी, तीन-चार वेळा, कारण अंड्यांतून नवे निघतात. फवारताना मातीवर कापड टाका, नाहीतर कुंडी चिंब होईल. साधं कीटकनाशक मारू नका. कोळी हा आठ पायांचा जीव, कीटक नव्हे. त्या औषधाने परभक्षी मरतात आणि कोळी उरतात.

पाणी कुठे जातं?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या अनुभवात खरा दोष बहुतेकदा इथे सापडतो.

बोन्सायमधला नावाजलेला ज्युनिपर म्हणजे शिम्पाकू. त्याची जुनी झाडं जपानात इतोइगावाच्या आणि शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वताच्या कड्यांवरून काढलेली आहेत. कड्याच्या भेगेत मुठभर माती असते, पाऊस पडतो आणि लगेच वाहून जातो, मुळांना सतत हवा मिळते. रोपवाटिकेतलं झाड याच्या नेमकं उलट वाढतं: वर्षानुवर्षं एकाच बारीक, चिकट मातीत. आपण कुंडी बदलताना बाहेरची मुळं मोकळी करतो, भोवती अकादामा (दाणेदार जपानी माती), प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडे), लाव्हा असं भरड मिश्रण घालतो आणि बुंध्याखालचा जुन्या मातीचा गोळा तसाच राहतो. तो तसा ठेवणं चूक नाही. ज्युनिपरची सगळी माती एकदम काढणं जास्त धोक्याचं आहे. चूक ही की पुढे पाणी घालताना आपण तो गोळा विसरतो.

माझ्याकडे एक प्रोकम्बेन्स नाना (ज्युनिपरचीच एक बुटकी जात) आला होता, वरून रोज पाणी मिळालेला. कडेच्या खड्यांत बोट घातलं तर ओलं. बुंध्याच्या अगदी शेजारी काडी खुपसायला गेलो तर ती दीड सेंटीमीटरवर अडली. दाब देऊन पलीकडे घातली आणि दहा मिनिटांनी काढली, तर काडीचं टोक कोरडं ठणठणीत, त्याला विटेच्या भुकटीसारखी माती चिकटलेली. भोवती ओल आणि मधोमध लिंबाएवढा कोरडा दगड, आणि सगळी जुनी मुळं त्याच दगडात. पाण्याला खड्यांमधून सोपी वाट मिळत होती, ते गोळ्यात शिरतच नव्हतं. एकदा पूर्ण सुकलेली बारीक माती पाणी पटकन शोषत नाही, वरून ओघळून जाऊ देते.

म्हणून काडी नेहमी बुंध्याजवळ घाला, कुंडीच्या कडेला नाही. साधी, पॉलिश नसलेली लाकडी चॉपस्टिक घ्या, कुंडीच्या खोलीच्या मध्यापर्यंत घालून दहा मिनिटं ठेवा आणि मग रंग बघा.

कोरडी निघाली तर कुंडी पाण्याच्या टबात काठापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे एकदाच करायचं, रोज नाही. नंतर त्याच काडीने मुळं चुकवत गोळ्यात पाच-सात उभी भोकं पाडा आणि त्यात बारीक प्युमिस सोडा. पुढे पाणी घालताना झारीने एक फेरी, दोन मिनिटं थांबून दुसरी, मग तिसरी.

काडी काळपट, चिखलाने माखलेली निघाली आणि तिला आंबूस वास आला, तर दुखणं उलट आहे: गोळा सुकतच नाही आणि मुळं गुदमरताहेत. इथेही लगेच उपटू नका. कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ती तिरकी करा. भिजवलेला स्पंज आडवा धरला तर टपकणं थांबतं. तोच उभा केला की त्यातून परत पाणी गळू लागतं. उथळ कुंडीत तळाशी पाण्याचा असाच थर अडकून राहतो. तिरकी केली की तो एका कोपऱ्यात जातो आणि उरलेल्या मुळांना हवा मिळते. वरचं शेवाळ काढा, खालची भोकं मुळांनी बुजली नाहीत ना ते बघा, आणि काडी किंचित दमट लागेपर्यंत पाणी थांबवा. पालवीवर अधूनमधून हलका फवारा चालेल. खत अजिबात नको. कुंडी बदलल्यावर मी चार-सहा आठवडे आणि टोकांना नवी वाढ दिसेपर्यंत खताला हात लावत नाही.

तार आणि साल

एकच फांदी वाळत असेल तर तारेकडे बघा. तार सालीत रुतली आहे का? वळणाच्या बाहेरच्या बाजूला साल उभी फाटली आहे का? फांदी पीळ देऊन वळवली असेल तर साल आणि लाकूड एकमेकांपासून सुटलेले असू शकतात, वरून काही दिसत नाही. झाड जोरात वाढत असतं त्या दिवसांत साल सहज सुटते. जाड फांद्या वाढ थंडावल्यावर वळवाव्यात आणि नंतर झाडाला कडाक्यापासून जपावं, असं म्हणतात ते यासाठी. रुतलेली तार उलगडू नका, प्रत्येक वेढा कटरने वेगळा कापून काढा. न रुतलेली तार मात्र राहू द्या. अर्धवट भरलेली जखम परत हलवण्यात नुकसानच आहे.

मग त्या फांदीपासून बोट खाली आणा. जुन्या ज्युनिपरमध्ये सालीच्या शिरा स्पष्ट दिसतात: ही फांदी, ही शीर, हे मूळ. त्या रेषेवरचं जाड मूळ कुंडी बदलताना कापलं गेलं असेल, किंवा शारी, म्हणजे बुंध्यावरचा सोललेला पांढरा पट्टा, करताना शीर अरुंद झाली असेल, तर ती एकच फांदी जाते आणि बाकी झाडाला काही होत नाही. अशा वेळी बाकीच्या झाडावर औषधांचा मारा करायचं कारण नाही.

बुरशी

नवी कोवळी टोकं आधी फिकट आणि मग तपकिरी होत असतील, आणि जिवंत-मृत भागाच्या सीमेवर राखाडी पट्टा व काळे बारीक ठिपके दिसत असतील, तर फोमॉप्सिस बुरशीची शक्यता मोठी. गेल्या वर्षीची टोकं हिवाळा संपताना वाळली तर कबाटिना. दोन्हीत वाळकी टोकं कोरड्या दिवशी, अल्कोहोलने पुसलेल्या कात्रीने काढा आणि पालवी रात्रभर ओली राहणार नाही असं बघा. ओल्या वसंतात फांदीवर नारिंगी, जेलीसारखी शिंगं आली तर तो तांबेरा. तो सफरचंद, नासपती यांच्या झाडांवरून ज्युनिपरवर येतो आणि परत तिकडे जातो. शिंगं जिच्यातून निघतात ती गाठ कापून टाका.

शेवटची तपासणी: मुळं

वरचं सगळं करून झालं, गोळा ओलाच राहतोय, वास जात नाही, आणि पालवी उतरतेच आहे, तरच झाड कुंडीतून काढा. वसंताच्या सुरुवातीला टोकं उजळताना हे करणं सगळ्यात सुरक्षित. भर उन्हाळ्यात केवळ जीव वाचवायचा असेल तरच.

निरोगी मुळांची टोकं पांढरट किंवा फिकट तपकिरी, टणक असतात. कुजलेलं मूळ काळं, लिबलिबीत असतं. ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. मुळं चांगली दिसली तर काही न छाटता तसंच परत ठेवा, पक्कं बांधा. कूज असेल तर फक्त कुजलेलं कापा, आणि गोळा फक्त एका अर्ध्या भागातला रूट हुकने (मुळं सोडवायच्या आकड्याने) मोकळा करा. दुसरा अर्धा तसाच. तो दोनेक वर्षांनी, झाड जोमात आल्यावर. पाण्याच्या पाइपने सगळी मुळं धुऊन काढणं हा ज्युनिपर घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. नवं मिश्रण चाळून घ्या, दोन मिलिमीटरखालची भुकटी फेका. तीच खाली जाऊन निचरा बंद करते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

झाड जुनं असेल आणि त्याला एकच जिवंत शीर उरली असेल, आणि ती फाटली किंवा सैल झाली असेल, तर स्वतः काही करू नका. बुडखा मऊ पडून खचत असेल, किंवा मुळं अर्ध्याहून जास्त काळी असतील, तरीही नाही. मृतलाकडाला लावायचं लाइम सल्फर दाहक असतं, आम्लाशी आलं तर विषारी वायू सुटतो. ते आधी कधी वापरलं नसेल तर आजारी झाडावर पहिला प्रयोग नको. बुरशीचा नेमका प्रकार ओळखायचा असेल तर वनस्पतीरोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सीमेवरची, अर्धी हिरवी अर्धी वाळलेली डहाळी पाठवा. पूर्ण मेलेल्या तुकड्यावरून फारसं कळत नाही. जाणकार निवडताना त्यांना एकच विचारा: आकार दिल्यानंतर तीन वर्षांनी ते झाड कसं दिसतं? ताज्या तारेतलं झाड कुणाचंही सुंदर दिसतं.

आणि सगळ्या झाडाची पालवी कुरकुरीत असेल, खरवडल्यावर बुंध्यापर्यंत कुठेच हिरवं नसेल, तर ते झाड गेलेलं आहे. कुणालाही बोलावून उपयोग नाही.

सावरणाऱ्या झाडाची खूण रंगात नंतर दिसते, टोकांत आधी. काही फांद्यांच्या टोकांवर पोपटी, लांबट धुमारे निघतात. ते खुडू नका, त्यांच्याच जोरावर मुळं धावतात. जिवंत असलेल्या सगळ्या फांद्यांवर असे धुमारे आले आणि एक पूर्ण वाढीचा हंगाम गेला, की मगच तारेचा विचार करा.

तो प्रोकम्बेन्स नाना वाचला. डावीकडची खालची फांदी गेली, तिची साल काढून जिन केलं. दगडासारख्या गोळ्याचा एक अर्धा भाग पहिल्या वसंतात निघाला, दुसरा अजून आत आहे. यंदा टोकं तीन-चार सेंटीमीटर धावली आहेत, पण उजवीकडची एक फांदी अजून मागे आहे. ती चालू लागेपर्यंत तो अर्धा गोळा तसाच राहील.